अंगणातील कमरक: कमी फळधारणा, फळमाशी आणि आंबट फळांचा उपयोग

प्रश्न: घरासमोर शोभेसाठी लावलेले कमरकाचे (स्टार फ्रूट) झाड गुलाबी फुलांनी भरते, परंतु फळे थोडीच धरतात, त्यातली बरीच किडून गळतात आणि हाती लागतात ती फार आंबट असतात. उपाय काय?

उत्तर: कमरकाच्या, म्हणजेच करंबळाच्या, काही झाडांवरील फुलांत स्त्रीकेसर लांब व पुंकेसर आखूड असतात, तर काहींत नेमके उलटे असते, त्यामुळे अनेक झाडांना दुसऱ्या प्रकारच्या झाडाचे पराग मधमाशांकरवी मिळाल्याशिवाय फळे नीट धरत नाहीत. आपले झाड एकटेच असल्यास सहा-सात मीटरवर गोड प्रकाराचे एक कलम लावावे. रोपापासून वाढलेल्या झाडाची फळे कशी निघतील याचा नेम नसतो, म्हणून रोप घेऊ नये. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये.

फळ कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसत असतील तर ती फळमाशी आहे. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत, झाडाजवळ मिथाइल युजेनॉलचा (नर फळमाशांना वासाने ओढणाऱ्या द्रव्याचा) रक्षक सापळा टांगावा आणि फळे लहान असतानाच त्यांना कागदी पिशव्या घालाव्यात.

कमरक तोडल्यानंतर गोड होत नाही, त्यामुळे ते झाडावरच पिवळे होऊ द्यावे. तरीही आंबटच राहिले तर तो झाडाचा प्रकार समजावा. अशी फळे लोणच्याला, चटणीला आणि माशांच्या कालवणात चिंचेऐवजी उत्तम चालतात. पाचही शिरांची तपकिरी कड सुरीने सोलून आडव्या चकत्या कराव्यात. आम्लामुळे लोणचे काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच भरावे. टाकाऊ फळांच्या रसाने पितळेची भांडी लख्ख निघतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या फळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते, शिवाय मेंदूवर परिणाम करणारे कॅरॅम्बॉक्सिन हे द्रव्य असते, जे निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांना शरीराबाहेर टाकता येत नाही. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवरील रुग्णांनी, फळ, रस किंवा लोणचे यांपैकी काहीही खाऊ नये आणि निरोगी माणसानेही उपाशीपोटी भरपूर रस पिऊ नये. शेजारीपाजारी फळे वाटताना हे आवर्जून सांगावे. अशा रुग्णाच्या खाण्यात ते आले आणि न थांबणारी उचकी, उलट्या किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्यावे.