ठाण्यात राहतो, फोर-बाय-फोर गाडी आहे, सोबतीला कुणी नाही. जैसलमेरच्या वाळवंटात एकट्याने दिवसभर ऑफ-रोड फिरता येईल का?

येईल. मी फिरून आलोय. फक्त वाळूच्या टेकड्यांवर एकट्याने गाडी घालू नका. हे एवढं शिकायला माझे अडीच तास अक्कलखाती जमा झाले.

डिसेंबरात घोडबंदर रोडने निघालो. पहिला मुक्काम अहमदाबाद, मग पालनपूर, सांचोर, बाडमेर करत दुसऱ्या रात्री जैसलमेर. हजार-अकराशे किलोमीटर होतात. पावसाळ्यात मुरबाडकडच्या चिखलात गाडी बऱ्यापैकी खेळवली होती, त्यामुळे खुमखुमी होतीच. पण चिखलाची सवय वाळूत नडते. चिखलात चाक जोरात फिरवलं की टायरच्या खाचा मोकळ्या होतात, कधी खाली घट्ट जमीन सापडते. वाळूत जागेवर फिरणारं चाक फक्त खड्डा खणतं.

एका ढाणीबाहेर (ढाणी म्हणजे चार-पाच घरांची वस्ती) जेमतेम दीड मजला उंचीची टेकडी दिसली. टायरमध्ये हवा 30 पीएसआय, तशीच चढवली. अर्ध्यावर वेग पडला, गिअर बदलायला गेलो तेवढ्यात गाडी थांबली, आणि मी नको तिथे ॲक्सिलरेटर दाबला. दोन मिनिटांत गाडीचं पोट वाळूवर टेकलं. डिकीत ओढायचा पट्टा होता. ओढणार कोण? फोनला रेंज नाही.

फावड्याने उपसत बसलो होतो तेव्हा एक शेळ्या चारणारे काका आले. त्यांनी आधी गाडीकडे नाही, टायरकडे पाहिलं. म्हणाले, "पहले हवा निकालो." हवा 16 वर आणली, पोटाखालची वाळू काढली, चाकांखाली पायपुसणी सारली आणि आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये उतरलो. हवा कमी केली की टायर पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. मात्र इतक्या कमी हवेत स्टिअरिंग झटक्याने वळवलं तर टायर रिममधून निसटू शकतं. वाळूत ब्रेकही मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या. आणि शक्यतो उतारावर तोंड करून थांबा.

आता महत्त्वाचं. जैसलमेर म्हणजे सगळी वाळूच, हा आपला फोटो बघून झालेला समज. सम आणि खुडी या गावांजवळच्या टेकड्या सोडल्या तर बराचसा भाग खडकाळ, मुरमाड माळ आहे, आणि एकट्या माणसाला खरी मजा तिथेच. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडलेलं गाव शहरापासून 18 किलोमीटरवर, पुढे खाभाचा किल्ला. (भुताच्या गोष्टी ऐकवणारे भेटतील. मला तिथल्या सरळ गल्ल्या जास्त आवडल्या.) त्या बाजूच्या कच्च्या वाटांवर गाडी पंधरा-वीसच्या वेगाने सोडायची. मैलभर एकच खेजडीचं झाड. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. इंजिन बंद केलं की कानात नुसता वारा. मी एका जागी तासभर डब्यातले ठेपले खात बसलो होतो, आणि "चल आता" म्हणणारं कुणी नव्हतं. मात्र वाळूतून माळावर येताच हवा परत भरा. कमी हवेच्या टायरची बाजू अणकुचीदार दगडाने सहज फाटते. म्हणून छोटा कंप्रेसर हवाच.

चाकोरी सोडून गवतात शिरू नका. हा माळढोक पक्ष्याचा मुलूख आहे, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक जवळपास संपलेच. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रस्ता सोडायचा नाही, आणि हद्द दर ठिकाणी कुंपणाने दाखवलेली नसते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. सीमेकडच्या काही भागांतही परवानगी लागते. जवानाने परत फिरा म्हटलं की फिरायचं.

सोबत दहा लिटर पाणी, फावडं, जॅकखाली ठेवायला रुंद लाकडी फळी (नाहीतर जॅकच वाळूत जातो) आणि फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी कागदावर लिहून द्या. ठरल्या वेळेला आला नाहीत तर कुणाला फोन करायचा, तेही लिहा.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सकाळी शहरातून पश्चिमेकडे निघा आणि दुपार कलल्यावर पूर्वेकडे परत फिरा. दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं आणि समोरचे खड्डे दिसतात. मी उलटं केलं होतं, काच पुसून पुसून हात दुखले.