वाचकांचे प्रश्न : मामा तलावाचे अंदाजपत्रक करण्याआधी

प्रश्न : माजी मालगुजारी (मामा), म्हणजे पूर्वीच्या मालगुजार जमीनदारांच्या, तलावांच्या दुरुस्तीचे प्रस्ताव मी तयार करतो. कार्यशाळांमध्ये ‘परिसंस्था सेवांचे मूल्यांकन प्रस्तावाला जोडा’ असे सांगतात. नेमके काय करायचे आणि ते कागदावर कुठे बसवायचे?
– कनिष्ठ अभियंता, लघु पाटबंधारे, भंडारा जिल्हा

उत्तर : परिसंस्था सेवा म्हणजे तलावापासून मिळणारे सगळे फायदे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर जोडलेले त्यांचे मूल्यांकन म्हणजे फाइलीतले एक जादा पान. त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर तीन गोष्टी ठरण्याआधी ते झाले पाहिजे : सांडव्याची माथा पातळी, विमोचकाची (पाणी सोडण्याच्या दाराची) तळपातळी आणि गाळ कुठून व किती काढायचा. मासे, शिंगाडा, गुरांचे पाणी, विहिरींची पातळी, पक्षी या सगळ्यांचे भवितव्य त्या तिन्हींतच ठरते.

पद्धत अवघड नाही. पाणथळींच्या संवर्धनासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या २०१८ मधल्या दुबई परिषदेत पाणथळींच्या सेवांच्या जलद मूल्यांकनावर स्वतंत्र ठराव झाला. त्यातली आरएडब्ल्यूईएस (RAWES, पाणथळ सेवांचे जलद मूल्यांकन) ही पद्धत आपल्या तलावांना चालते. एक तक्ता घ्यायचा. पुरवठा (पाणी, मासे, चारा), नियमन (पूर, भूजल पुनर्भरण, पाण्याची शुद्धता), सांस्कृतिक (विसर्जन, पूजा, पोहणे) आणि आधार (मातीची जडणघडण, अधिवास) अशा चार गटांत सेवा मांडायच्या. प्रत्येक सेवेसमोर मोठा फायदा, फायदा, नगण्य, तोटा, मोठा तोटा किंवा प्रश्नचिन्ह यांपैकी एक खूण करायची. फायदा कुठवर पोचतो, गावापुरता की खोऱ्यापर्यंत, हे वेगळे लिहायचे. दोन जाणकार माणसांना एका तलावासाठी अर्धा दिवस पुरतो.

मात्र एकच फेरी पुरणार नाही. ऑक्टोबरअखेर तलाव भरलेला असताना एकदा आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा एकदा जा. उन्हाळ्यात गेलात तर काठच्या उथळ पाण्यातली मरळीची पिल्ले दिसणार नाहीत, आणि ऑक्टोबरात गेलात तर उन्हाळ्यात गुरे कुठे पाणी पितात याची कोणी आठवणही काढणार नाही. माहिती ग्रामसभेत विचारू नका. तिथे लाभक्षेत्रातले धानवाले बोलतात, ढीवर (मासेमार समाजाचे लोक) मागे बसतात आणि बायका बहुधा बोलतच नाहीत. मासेमार, बुडीत क्षेत्रात गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पेरणी) करणारे, धुण्या-भांड्यांना येणाऱ्या बायका आणि गुराखी यांना वेगवेगळे गाठा.

आमच्या मते तक्त्यात एक रकाना वाढवलाच पाहिजे : ‘कोणाला?’ समजा २० हेक्टरांच्या तलावाचा सांडवा ३० सेंटिमीटरने उंचावला. साठा साधारण ६० सहस्र घनमीटरने वाढेल. पाऊस ऑक्टोबरात दगा देतो तेव्हा जड (उशिरा पिकणाऱ्या) धानाला हे पाणी जीवदान देते, म्हणून खालच्या शेतकऱ्याच्या रकान्यात मोठा फायदा. वरच्या अंगाला ज्याचे उभे धान बुडणार, त्याच्या रकान्यात मोठा तोटा. या पद्धतीत सगळ्या खुणांचा मिळून एक निर्देशांक काढता येतो, आणि अहवाल लिहिणाऱ्यांना तो फार आवडतो. पण तो काढला की वरच्या दोन खुणा एकमेकींना खाऊन टाकतात आणि भांडण कागदावरून गायब होते. गावातले भांडण मात्र तिथेच राहते. म्हणून बेरीज करू नका.

तांत्रिक टिपणीत शेवटी तीनच ओळी हव्यात : कोणती सेवा घटू द्यायची नाही, त्यासाठी पाण्याची कोणती पातळी लागते, कोणत्या महिन्यापर्यंत. उदाहरणार्थ, ‘मार्चअखेर विमोचकापाशी १.२ मीटर पाणी राखणे.’ आणि विमोचकावर मोजपट्टी रंगवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. पट्टीच नसेल तर ही अट पाळली की मोडली, हे कोण ठरवणार?

प्रश्न : आमचा तलाव २०१७ च्या पाणथळ नियमांत येतो का?
– ग्रामपंचायत सदस्य, गोंदिया जिल्हा

उत्तर : बहुधा नाही. सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्या नियमांतून वगळले आहेत. नद्यांची पात्रे आणि भातखाचरेही वगळली आहेत. मामा तलाव सिंचनासाठी बांधलेले, त्यामुळे हरकत घेणारा पहिल्याच सुनावणीत हे कलम पुढे करतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २.२५ हेक्टरांहून मोठ्या पाणथळींची जागेवर पडताळणी आणि सीमांकन करायला सांगितले. पण पाणथळींच्या यादीत नाव येणे वेगळे आणि अधिसूचना निघणे वेगळे.

म्हणून नुसत्या त्या नियमांवर विसंबू नका. तहसीलमधून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या सामाईक वापराच्या आणि वहिवाटीच्या हक्कांच्या नोंदींच्या नकला काढा (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमे १६१ आणि १६५) आणि तलावाबद्दल काय नोंदले आहे ते पाहा. तलाव वनक्षेत्रात असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) खाली मासे, जलाशयातील इतर उपज आणि चराई हे सामूहिक हक्क म्हणून मागता येतात. मूल्यांकनाचा तक्ता या दाव्याला पुरावा म्हणून जोडता येतो. तिथे मात्र प्रत्येक सेवेसमोर वापरणाऱ्या कुटुंबांची संख्या हवी. ‘गावकरी’ एवढे मोघम लिहून चालत नाही.

प्रश्न : ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून आमच्या तलावात पोकलेन येणार आहे. गाळ निघायला आमची ना नाही, पण मासळीचे काय? आम्ही कोणत्या अटी घालाव्यात?
– सचिव, मत्स्य सहकारी संस्था

उत्तर : आधी हिशेब मांडा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सहा हजार घनमीटर गाळ काढायचा तर सुमारे २,१०० ब्रास वाहावे लागतात. तोच गाळ २० हेक्टरांवर सारखा खरवडला तर खोली वाढते फक्त तीन सेंटिमीटर. म्हणजे साठवण नावालाच वाढते आणि काठची सगळी वनस्पती तेवढी जाते. त्यापेक्षा विमोचकाच्या तळपातळीखाली, मृत साठ्यात (जे पाणी विमोचकातून बाहेर जात नाही त्यात), एक-दोन खोल डोह काढायला लावा. मे महिन्यात मासळी तिथेच तगते.

वरच्या अंगाला, जिथे नाला तलावात उतरतो, तिथे तलाव भरल्यावर गुडघाभर ते मांडीभर पाणी राहते. त्या पट्ट्याला हात लावू देऊ नका. देवधान, पाणगवत, मरळीची वीण, सारसाचे चरणे, सगळे तिथे असते. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांची बोटुकली सोडावीच लागते. मरळीचे मात्र फुकटचे बीज या पट्ट्यातच तयार होते. एकदा तो खणला की पुढे सगळेच विकत घ्यावे लागते.

खोदाईचा उतार निदान दहास एक ठेवा. पोकलेनवाला सरळ भिंत कापतो, कारण त्याला तेच स्वस्त पडते. मग गुरे अडकतात आणि मुले बुडतात. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) पायथ्यापासून पाळीच्या उंचीच्या पाचपट अंतर सोडा. आधी दर ३० मीटरवर चाचणीखड्डा घेऊन गाळ किती जाड आहे ते पाहा आणि तळाशी वीतभर गाळ राहू द्या. खालचा मुरूम उघडा पडला की पाणी झिरपून जाते. साठा वाढवायला गाळ काढलेला तलाव जानेवारीत कोरडा पडतो, तो यामुळे. ट्रॅक्टरसाठी पाळ फोडू देऊ नका, रपटा (वाहनांसाठी उताराचा रस्ता) बांधून घ्या. काठावर बेशरम हे झुडूप असेल तर याच उन्हाळ्यात मुळासकट उपटून पाण्यापासून दूर वाळवा. नुसती छाटली तर तिचे तुकडे ओल्या मातीत पुन्हा रुजतात.

प्रश्न : कुडचडेचे नंदा तळे २०२२ मध्ये रामसर स्थळ झाले. आता आम्ही काय मागावे?
– वाचक, केपे, गोवा

उत्तर : रामसर स्थळांना २०१७ चे नियम लागू आहेत. हे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरांत, बोटींचा धक्का सोडून, कायमचे बांधकाम करता येत नाही. ती रेषा जागेवर आखून घ्या. ४२ हेक्टरांच्या या तळ्याची मोठी सेवा म्हणजे कोरड्या महिन्यांत साठलेले पाणी आणि त्यावर खाली पिकणारे भात. म्हणून पाणी कधी सोडायचे, कोणत्या पातळीपर्यंत आणि कोणाच्या सहीने, हे व्यवस्थापन आराखड्यात लेखी मागा. पक्षीगणना आपोआप होईलच.

प्रश्न : तलावाची किंमत रुपयांत काढून दिली तर अधिकारी ऐकतील का?
– शिक्षक, नागपूर

उत्तर : एखादाच आकडा द्या, आणि ज्याला बाजारभाव आहे त्याचाच : संस्थेच्या वहीतली मासळीची विक्री, शिंगाड्याची विक्री, टँकरचा वाचलेला खर्च. सिंचनाचे पाणी एकदा आणि त्याच पाण्यावर पिकलेले धान दुसऱ्यांदा मोजले तर दुहेरी मोजणी होते. लेखाधिकारी नेमके तेवढेच पकडतो आणि उरलेले पानही बाजूला पडते. देवाच्या घाटाला भाव लावायला जाऊ नका. तिथे ‘मोठा फायदा’ ही खूण आणि वापरणाऱ्यांची संख्या पुरे.