अखंड दिव्याला कोणती वात लावावी: शेतातला कापूस, औषधाच्या दुकानातला कापूस, सुती कापड की काचेचा धागा?

तुमचा प्रश्न असा आहे: घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत समई तेवत ठेवायची आहे, पण औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या वाती पाच-सहा तासांत काजळतात, ज्योत बारीक होत जाते आणि पहाटे दिवा शांत होतो. मग काचेच्या धाग्याची वात विकत आणावी, की घरच्या शेतातल्या कापसाची वळावी?

घरच्या कापसाची वळा. वात जळण्यासाठी नसतेच. जळतं ते तेल, आणि ते ज्योतीपर्यंत चढवणं एवढंच वातीचं काम. तेल जितकं लागतं तितकं वर येत असेल तर वात अगदी सावकाश झिजते. ते कमी पडलं की वात स्वतः जळायला लागते, टोकाला कोळसा धरतो, कोळशातून तेल नीट येत नाही आणि ज्योत आणखी खाली बसते. म्हणून कोणत्याही वातीबद्दल विचारायचं ते हे: तेल सलग वर येतं का, टोक कोसळतं का आणि जळून मागे काय उरतं.

औषधाच्या दुकानातला कापूस इथेच कमी पडतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो. दवाखान्यासाठी तो कापूस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून हे मेण काढतात आणि मग ब्लीच करतात, म्हणजे तो पाणी आणि रक्त चटकन शोषतो. तेलाला मेणाची अडचण नसतेच, त्यामुळे या गुणाचा दिव्याला उपयोग नाही. उलट पाणी लागलं तर ते तो धरून ठेवतो आणि वात तडतडते. शिवाय या कापसात आखूड तंतूंचं प्रमाण जास्त असतं. आखूड तंतूंना पीळ नीट बसत नाही, वात फुगीर राहते, बाहेर आलेले तंतू आधी जळतात आणि काजळी तिथूनच सुरू होते.

शेतातला कापूस घेताना मात्र निवडून घ्या. बागायती कपाशीची पहिली वेचणी नवरात्राच्या आसपासच येते, आणि पावसात भिजलेल्या बोंडांचा कापूस ओलसर, पिवळट निघतो. ती कवडी वातीला नको. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन घेतलेला कापूसही नको, त्याचे तंतू कमकुवत आणि अपक्व असतात, वळताना गाठी पडतात. सगळ्यात बरा म्हणजे मागच्या हंगामातला मधल्या वेचणीचा, कोरडा, पांढरा कापूस. सरकी काढा, पानांची कुटी आणि सरकीच्या टरफलाचे काळे कण चिमटीने वेचून टाका, दोन दिवस कडक उन्हात ठेवा. हे वेचणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. प्रत्येक कण टोकाशी येऊन जळतो आणि राखेचा खडा होऊन बसतो. देवकापूस मिळाला तर घ्या. त्याचा तंतू जाडसर असतो आणि वात ताठ उभी राहते. पण साधा संकरित कापूसही नीट वळला तर तितकंच काम देतो.

वळताना कापूस हाताने ओढून तंतू एका दिशेला आणा. पेन्सिलीएवढा जाड आणि ४० ते ४५ सेंमी लांब पेळू करा. उपड्या ताटावर किंवा मांडीवर तळहाताने एकाच दिशेला वळा, मग मधोमध दुमडून दोन्ही पदर एकमेकांवर आपोआप पिळू द्या. तयार वात साधारण २० सेंमी लांब आणि ३ ते ४ मिमी जाड हवी. तिला जवळपास १ ग्रॅम कापूस लागतो. नखाने दाबली तर खळगा पडावा, पण तंतू सुटू नयेत. दोरखंडासारखी घट्ट वळली तर आतली पोकळी दाबली जाते आणि तेल चढत नाही. फार सैल ठेवली तर तेल जास्त येतं, ज्योत मोठी होते आणि धूर निघतो. बऱ्याच घरांत वळताना दुधाचं बोट लावतात. दुधातली साखर आणि प्रथिनं टोकाला जळून काजळीत भर घालतात, म्हणून पाण्याचं बोट पुरे, आणि वळल्यावर वाती पुन्हा उन्हात पूर्ण सुकवा. लावण्यापूर्वी अर्धा तास कोमट तेलात बुडवून बोटांनी दाबा, आतली हवा निघून जाऊ द्या. कोरडी वात तशीच पेटवली तर पहिल्याच मिनिटात टोक करपतं आणि पुढे रात्रभर तोच अडथळा राहतो.

काचेच्या धाग्याची वात जळत नाही हे खरं आहे, पण ‘एकदा लावा आणि विसरा’ हे खरं नाही. धागा टिकतो, मात्र तेलातला चिकट भाग त्याच्या टोकावरही करपून बसतो. कापसाच्या वातीचं करपलेलं टोक मोडून ती पुढे सरकवता येते. काचेच्या वातीचं तोंड एकदा बुजलं की ती बाहेर काढून, तेल निथळून, चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर टोक लाल होईपर्यंत तापवावं लागतं, म्हणजे कोळसा जळून जातो. नवी वातही अशीच एकदा तापवून घ्या. धाग्यावर कारखान्यात लावलेला लेप असतो आणि तो पहिल्या वेळी धूर व वास करतो. तिला पितळी नळी लागते, नळीशिवाय ती आडवी पडते. टोक कापताना सुटलेले बारीक तंतू कातडीत रुतून खाज सुटते, म्हणून ती हाताने चोळू नका आणि नैवेद्याच्या ताटाजवळ कापू नका. रिफाइंड तेल, नळी आणि दिवसातून एकदा सफाई हे सगळं जमणार असेल तर ही वात चालते.

सुती कापडाची वात लोक उगाच कमी लेखतात. जुन्या धोतराची किंवा सुती लुगड्याची, अनेकदा धुतलेली, दीड इंच रुंदीची पट्टी घट्टसर गुंडाळली तर ती सहसा कोसळत नाही. खानदेशातल्या कानबाई देवीच्या एका रात्रीच्या जागरणाला मी हीच लावायला सांगेन. कापड नवं नको, त्यातली खळ करपते. टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, तर अजिबात नको. पॉलिएस्टर २५५ ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याचा थेंब जळत खाली पडतो. उशीत भरायचा कृत्रिम कापूस आणि रंगीत नाड्याच्या काही वातीही याच जातीच्या असतात. ओळखायला एक तंतू काडीने पेटवा: सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन भुरभुरीत राख राहील, कृत्रिम असेल तर आकसून काळा टणक मणी होईल. कंदिलाची विणलेली पट्टी रॉकेलसाठी असते. रॉकेल पातळ असल्याने काही इंच सहज चढतं, खाद्यतेल तेवढं चढत नाही. खाद्यतेलाच्या पातळीपासून ज्योत दोन सेंमीपेक्षा उंच गेली की कुठलीही वात उपाशी राहते.

वातीइतकाच दोष तेलाचा असतो. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं आहेत. ती गरम टोकाशी हवेने घट्ट होऊन चिकट थर धरतात. एरंडेल असं वाळत नाही, पण तिळाच्या तेलापेक्षा सुमारे दहापट दाट असतं, त्यामुळे ते एकटं बारीक वातीत चढत नाही. लाकडी घाण्याचं तेल जेवायला उत्तम, दिव्यात मात्र त्यातला गाळ आणि चिकटा वातीत अडकतो. तेच वापरायचं असेल तर चार-पाच दिवस न हलवता ठेवा आणि वरचं नितळ तेल सुती कापडातून गाळून घ्या. माझी पसंती शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलाला आहे. त्यानंतर तिळाचं. एका वातीला तासाला ५ मिलीच्या आसपास तेल लागतं, म्हणजे नऊ दिवसांना लिटरभराहून थोडं जास्त. तुमच्या दिव्याचा नेमका आकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काढा. तेल भरल्यावर आणि चार तासांनी समईतली वाटी तोला.

आता दिवा अखंड ठेवण्याची रीत. समईला शेजारीशेजारी दोन वाती ठेवा, पेटवा एकच. टोक ३ ते ५ मिमीच बाहेर काढा, त्याहून जास्त काढलं की धूर होतो. टोकाला काजळीचं बोंड धरायच्या आधीच, साधारण सहा तासांनी, दुसरी वात पहिलीवरून पेटवा. ती स्थिर झाली की पहिली चिमट्याने मागे ओढून काजळी मोडा आणि पुन्हा तेलात सोडा. झोपण्यापूर्वी ही अदलाबदल नक्की करा, तुमचा दिवा पहाटे जातो त्याचं मुख्य कारण संध्याकाळची काजळलेली वात रात्रभर तशीच राहते हे आहे. तेल पातळी खाली जाण्याआधी, बाजूने, बारीक धारेने घाला. हळद-कुंकू दिव्याच्या बुडाशी वाहा, तेलात पडू देऊ नका. ती पूड वातीतून वर चढत नाही, वातीच्या तेलातल्या भागावर साचते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात आपल्याकडे पंखा बंद ठेवणं अवघड असतं. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकली की वात त्या बाजूने जळते आणि उरलेलं तोंड करपतं. दोन्ही टोकं उघडी असलेली काचेची चिमणी ज्योतीभोवती ठेवा, पण खाली हवा जायला अर्धा सेंमी फट राहू द्या. समईखाली वाळू पसरलेलं पितळी ताट ठेवा, पडदे आणि फुलांच्या माळा हातभर दूर ठेवा. ज्योत वाढावी म्हणून तेलात रॉकेल कधीही मिसळू नका. त्याची वाफ साधारण ४० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, आणि तापलेली पितळी वाटी तेवढी सहज गरम होते.

तूप वापरणार असाल तर लांब वात नको, मधोमध उभी फुलवात ठेवा. गारठ्यात तूप थिजून ज्योत जात असेल तर तांब्याची बारीक तार वातीसोबत वळून तिचं खालचं टोक तुपात सोडा. ज्योतीची ऊब तारेतून खाली जाते आणि वातीजवळचं तूप पातळ राहतं.