तिसरं पान काढ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. तिसऱ्या पानावर म्हणतेस, सॅन डिएगोकडच्या टॉरी पाइन या सूचिपर्णी झाडाचे पराग न्यायचे, सांता रोझा बेटावरच्या झाडांना द्यायचे, म्हणजे बेटाला नवी जनुकं. आणि खाली विचारतेस, ‘काका, घाई होतेय का?’ होतेय.

तुझी काळजी खोटी नाही. हे झाड जगात मुळातून दोनच जागी, दोन्ही कॅलिफोर्नियात. लेडिग आणि कॉंकल या संशोधकांनी 1983 मध्ये 59 जनुकस्थानं तपासली, तर एका जागेची सगळी झाडं एकसारखी. दोन जागांमध्ये फरक फक्त दोन जनुकस्थानांचा. असं झाड एखाद्या किडीपायी आडवं होईल, हे मलाही दिसतं. तरी सांगतो, जे परत घेता येणार नाही ते करू नकोस.

दोन्ही जागांच्या झाडांची संकरित रोपं उंच झाली, हे पुन्हापुन्हा लिहिलंयस. पहिली पिढी जोमात येतेच गं! संकरित कपाशीची घरची सरकी पुढच्या वर्षी का पेरत नाहीत, ते विदर्भात कुणालाही विचार. आणि उंची हवीय कुणाला? बेटावरचं झाड बुटकं, पसरट. धुक्यात त्याच्याखाली उभी राहा. पाच-पाचच्या जुडग्यांतल्या लांब सुयांच्या टोकांना थेंब धरतात, खालची माती भिजते. फांद्यांबाहेर पाऊल टाकलं की जमीन कोरडी. शंकू पिकायला तिसरं वर्ष उजाडतं. बेटावर आधी मेंढ्या, मग गुरं. गुरं 1998 मध्ये हलली, हरणं आणि एल्क, म्हणजे मोठी हरणं, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आत्ता कुठे उसंत मिळालीय त्याला.

मला ‘आडमुठा म्हातारा’ म्हणतात, ठाऊक आहे. बैठकांत नाही म्हणत राहिलो, चांगल्या जागा हुकल्या, मित्र तुटले. त्याची खंत आहे. पण बेटावर हरणं आणणाऱ्यांनीही पुढचा विचार केला नव्हता. आणि हरणं निदान दिसतात, मोजता येतात, धरता येतात. वाऱ्यावर गेलेला पराग कुठे शोधशील? परत घेता येत नाही, म्हणून नाही. इतकंच.

बी गोळा कर, बीबँकेत ठेव. बेटापासून लांब, वाफ्यात हवे तेवढे संकर कर, दुसरी पिढीही वाढवून बघ. तुझी पहिली दोन पानं हेच सांगतात आणि फार चांगली आहेत. तिसरं काढ, मग शिफारसपत्र देतो. शुक्रवारच्या आत पाठव, नंतर मी गावी चाललोय.

तुझा,
काका