पोलीस भरतीत तीनदा थोडक्यात गेलो, वय २६. अजून एक प्रयत्न करू का?

भावा, तू लिहिलंयस की तीन भरत्या दिल्या, शेवटची दोन मार्कांनी गेली, खुला प्रवर्ग आहे आणि घरचे म्हणतात आता पुरे. मी स्वतः चौथ्या खेपेला, २०२४ च्या भरतीत लागलो. म्हणजे मी ‘कर बिनधास्त’ म्हणणार असं तुला वाटेल. तसं नाही. आधी तुझे मार्क कुठे जातायत ते बघ.

मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, ५० मार्कांचं. त्यात १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. आणि आपण गावाकडची पोरं काय करतो, तर पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळत सुटतो, बस्स. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं की २० पैकी २० मिळाले. त्याच्या पुढे कितीही जीव काढ, एकविसावा मार्क कुणी देत नाही. मी पाच मिनिटांच्या आत यायचो आणि मला त्याचा माज होता.

जानेवारी २०२३ ला तो माज उतरला. थंडीने बोटं बधिर झालेली, हातात ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा. गोळा बोटांच्या मुळांवर घेऊन मानेला टेकवायचा असतो हे मला धड कुणी शिकवलंच नव्हतं. मी तळहातावर घेतला आणि दगड भिरकावतात तसा भिरकावला. साडेसहा मीटरवर धप्प. पूर्ण १५ मार्कांना साडेआठ मीटर लागतात. त्या वर्षी मी तीन मार्कांनी गेलो. ते कुठे गेले हे शोधायला काही ज्योतिषी नको होता.

पुढचं दीड वर्ष मी किराणा मालाच्या गोदामात पोती उचलली. घरी पैसे गेले, आणि मांड्या तयार झाल्या. गावातले एक निवृत्त फौजी काका संध्याकाळी मैदानावर बसून एकच ओरडायचे, “हात नंतर, आधी पाय ढकल!” २०२४ चं मैदान जूनमध्ये, ऐन पावसात निघालं. गोळा चिखलाने माखलेला, तो बनियनला पुसला आणि ढकलला. आठच्या पुढे गेला.

लेखीचं थोडक्यात सांगतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं. आमच्या वेळी चुकीच्या उत्तराला मार्क कापत नव्हते, तरी काही शहाणे गोल रिकामे सोडून आले. गणिताला घाबरून मराठी व्याकरणावरच बसू नकोस, वेळ गणितच खातं.

आता वयाचं. खुल्या प्रवर्गाला शिपाई पदासाठी मर्यादा २८. राज्य राखीव दलाची २५, ते दार तुला बंद झालं. दोन वर्षं आहेत असं वाटतं, पण भरती दरवर्षी निघतेच असं कुठे आहे? २०२२-२३ च्या १७,४७१ जागांचं मैदान जून २०२४ उजाडेपर्यंत निघालं नव्हतं. तेव्हा तुझ्या हातात एकच भरती आहे असं धरून चाल. फॉर्मही एका पदाला एकाच जिल्ह्यात भरता येतो, तो मित्रांबरोबर जायचं म्हणून भरू नकोस.

माझं मत विचारशील तर एक भरती दे, पण काम धरून. नुसती अकॅडमी लावून घरच्यांच्या पैशावर बसायचं असेल तर नको. आणि कुणी ‘सेटिंग आहे’ म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

नोकरीबद्दल तू काही विचारलं नाहीस. घरी गणपती बसतो तेव्हा आपण दुसऱ्यांच्या मंडळासमोर दोरी धरून उभे असतो, एवढं आईला आत्ताच सांगून ठेव.

तिन्ही वेळचे १६००, १००, गोळा आणि लेखीचे मार्क सुटे करून खाली लिही. गोळ्याचे मार्क १० च्या खाली असतील तर तुझं काम सोपं आहे. लेखीच पन्नाशीत अडकत असेल तर मात्र घरच्यांचं म्हणणं नीट ऐकून घे.