जुन्या सेसना १५२ वर सीपीएलची (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सची) टेस्ट द्यायची आहे, तयारी कशी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उड्डाणाचे दोनशे तास होत आलेत, बहुतेक तास काचेच्या (म्हणजे डिजिटल पडद्यांच्या) कॉकपिटच्या सेसना १७२एस वर झालेत, टेस्ट मे महिन्यात लातूरला आहे आणि ऐनवेळी स्कूलने १९७९ चं सेसना १५२ पुढे केलंय. या विमानात टेस्ट द्यावी का, आणि द्यायची तर कुठून सुरुवात करावी?

बिनधास्त द्या. विमानाच्या वयाने टेस्ट अवघड होत नाही. अवघड होते ती हाताला लागलेल्या जुन्या सवयींमुळे, आणि त्याच विमानाचे आकडे माहीत नसल्यामुळे. नेटवरून उतरवलेलं १५२ चं पुस्तक पाठ करून जाणारी मुलं तिथेच अडकतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या विमानाचे रेडिओ बदललेत, रंग बदललाय, कदाचित सीटही बदलल्यात. त्याचं रिकामं वजन आता पुस्तकातल्या नमुन्याशी जुळत नाही.

म्हणून पहिला दिवस हँगरमध्ये घालवा. त्याच विमानाचं हँडबुक मागून घ्या, मागे जोडलेल्या पुरवण्यांसकट. सोबत रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, एआरसी (उड्डाणयोग्यतेच्या आढाव्याचं सर्टिफिकेट), सीआरएस (देखभालीनंतर विमान सेवेत सोडल्याचा दाखला), विमा, रेडिओचं लायसन्स, वेट शेड्यूल (विमानाच्या वजनाचा कागद), जर्नी लॉग (उड्डाणांची नोंद) आणि टेक लॉग (बिघाड-दुरुस्तीची नोंद). नुसती नावं पाठ करू नका, तारखा बघा. एआरसी कधी संपते? पुढच्या इन्स्पेक्शनला किती तास उरलेत? उरलेत तीन आणि तुमची क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याच्या उड्डाणाची टेस्ट) अडीच तासांची असेल, तर मध्ये एखाद्या मुलाने एक तास उडवला की तुमची टेस्ट गेली. टेक लॉगची मागची दोन महिन्यांची पानं चाळा. ‘डीजी (दिशा दाखवणारा जायरो) वाहतो’, ‘उजवा फ्युएल गेज अडकतो’ असा तोच तो स्नॅग, म्हणजे बिघाड, दोनदा दिसला, तर एएमईंना (देखभालीच्या इंजिनिअरना) विचारा की नेमकं काय केलं. एक्झामिनरचा आवडता प्रश्न असतो, ‘हे विमान आज उडण्यालायक आहे, कशावरून?’ उत्तर तोंडाने देऊ नका, पानावर बोट ठेवून द्या.

आता वजन. १५२ मध्ये टेस्ट इथूनच सुरू होते, कारण या विमानात दोन माणसं आणि पूर्ण इंधन हे गणित कधी बसतं, कधी बसत नाही. समजा वेट शेड्यूलवर रिकामं वजन ११५० पाउंड आहे. तुम्ही ७५ किलो, म्हणजे १६५ पाउंड. एक्झामिनर ९५ किलो, म्हणजे २०९. साध्या टाक्यांमधलं वापरता येणारं इंधन २४.५ गॅलन, गॅलनला ६ पाउंड धरून १४७. बेरीज १६७१. हेडसेट, फाइल, पाण्याची बाटली असे ९ पाउंड धरा, झाले १६८०. रॅम्पवरची, म्हणजे इंजिन सुरू करण्याआधीची, मर्यादा १६७५, टेक-ऑफची १६७०. मधले ५ पाउंड स्टार्ट आणि टॅक्सीत जळतात. म्हणजे तुम्ही ५ पाउंडांनी जास्त आहात. तेवढं कमी करायला तीन-साडेतीन लिटर इंधन पुरेल, पण मी दहा लिटर कमी घेईन, म्हणजे जवळपास १६ पाउंड. एक्झामिनरने वजन अंदाजे सांगितलं असलं तरी तेवढी जागा उरते.

आता हाच हिशोब क्रॉस-कंट्रीला लावा. दिवसाची टेस्ट किमान २५० नॉटिकल मैलांची, मध्ये दुसऱ्या विमानतळावर पूर्ण थांबून एक लँडिंग. ९५ नॉट धरले तर सुमारे दोन तास अडतीस मिनिटं. तासाला ६ गॅलनने १६ गॅलन. स्टार्ट, टॅक्सी आणि क्लाइंबला दीड, पाऊण तासाचं रिझर्व्ह साडेचार. एकूण २२ गॅलन. दहा लिटर कमी घेतल्यावर टाकीत उरतं २१.९. म्हणजे समोरून वारा निघाला की गणित कोसळलं. मधल्या विमानतळावर १००एलएल (या विमानाचं पेट्रोल) मिळणार का, हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. ‘सर, एवढ्या वजनात एवढंच इंधन बसतं, म्हणून तिथे भरणार’ हे तुम्ही आपणहून सांगितलं तर पुढचे चार प्रश्न वाचतात. पुस्तक गॅलनमध्ये, बाउझर (इंधनाचा टँकर) लिटरमध्ये आणि तुमचं वजन किलोत असतं, त्यामुळे रूपांतरं नीबोर्डवर (मांडीला बांधायच्या पॅडवर) लिहून ठेवा: १ गॅलन ३.७८५ लिटर, १ किलो २.२ पाउंड. इंधन मोजायचं ते काठी बुडवून. जुन्या विमानाच्या गेजवर विश्वास ठेवायचा नाही.

एककांचा दुसरा सापळा आल्टीमीटरमध्ये (उंची दाखवणाऱ्या यंत्रात) आहे. टॉवर क्यूएनएच (आल्टीमीटरवर लावायचा हवेचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये देतो आणि जुन्या आल्टीमीटरच्या खिडकीत बहुधा इंचच असतात. १०१३ म्हणजे २९.९२ हे सगळ्यांना येतं, पण मे-जूनमध्ये १००५ मिळालं की हात थांबतो. १००५ म्हणजे २९.६८. खिडकी २९.९२ वरच राहिली तर तुम्ही सुमारे २४० फूट जास्त वाचाल, आणि पूर्ण टेस्ट चुकीच्या उंचीवर उडवाल. १००० ते १०१५ पर्यंतचा छोटा तक्ता टेपने नीबोर्डला चिकटवा. सेट केल्यावर आल्टीमीटरने धावपट्टीची उंची दाखवली पाहिजे. फरक आला तर तो बोलून दाखवा.

मे महिना आहे, म्हणून परफॉर्मन्स. लातूरची धावपट्टी दोन हजार फुटांच्या आसपास आहे. क्यूएनएच १००५ असेल तर प्रेशर आल्टिट्यूड (१०१३ लावल्यावर दिसणारी उंची) २२४० फूट. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान साडेदहा अंश, आणि बाहेर ४०. फरक साडेएकोणतीस अंशांचा, अंशाला १२० फूट धरून ३५४०. डेन्सिटी आल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला ‘जाणवणारी’ उंची, पावणेसहा हजार फूट! म्हणजे सकाळी साडेसहाला जे विमान चढतं, तेच दुपारी दोनला रखडतं. १५२ चा टेक-ऑफचा तक्ता ४० अंशांवर संपतो. बाहेर ४२ असेल तर ‘दोन अंशच तर आहेत’ म्हणून अंदाजाने आकडा पुढे ओढू नका. तक्ता संपला की उड्डाणही थांबतं, असं एक्झामिनरला सरळ सांगा आणि पहाटेची वेळ मागा. तक्त्याखालच्या टिपाही वाचा: समोरच्या ९ नॉट वाऱ्याला अंतर १० टक्के कमी, मागच्या प्रत्येक २ नॉटला १० टक्के जास्त.

इंजिनाकडे येऊ. १७२एस मध्ये फ्युएल इंजेक्शन असतं, १५२ मध्ये कार्ब्युरेटर. तुमच्या हाताला कार्ब हीटची (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणाऱ्या नॉबची) सवयच नाही, आणि हीच सवय सगळ्यात आधी लावावी लागेल. पॉवर हिरव्या पट्ट्याखाली नेण्याआधी कार्ब हीट पूर्ण बाहेर. पावसाळ्यात २५ अंशांनाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. लक्षण म्हणजे आरपीएम हळूहळू घसरतो, इंजिन खडबडतं. हीट लावल्यावर आधी आणखी घसरतो, बर्फ वितळला की वर येतो. त्या मधल्या क्षणी घाबरून हीट बंद करणं ही नेहमीची चूक. मात्र जमिनीवर धुळीत ती लावून ठेवू नका, ती हवा फिल्टरमधून येत नाही. ओव्हरशूटला (लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना) थ्रॉटल पूर्ण आत, कार्ब हीट बंद आणि फ्लॅप्स लगेच २० अंशांवर, हा क्रम शंभर वेळा कोरडा करा. बंद विमानात बसून केला तरी चालतो.

स्टार्टला प्रायमर (इंजिनात थोडं पेट्रोल सोडणारा पंप) हातचा. उन्हात गरम असलेल्या इंजिनाला नको, हिवाळ्याच्या पहाटे दोन-तीन वेळा पुरे. नंतर आत ढकलून लॉक करायला विसरू नका. उघडा राहिला तर इंजिन रिच होऊन (पेट्रोल जास्त होऊन) खडखडतं आणि तुम्ही मॅग्नेटोला (ठिणगी देणाऱ्या जनित्राला) दोष देत बसता. फ्युएल सिलेक्टरला डावी-उजवी नाही, नुसतं चालू-बंद.

रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची तपासणी) १७०० आरपीएमला. एका मॅग्नेटोवर घसरण १२५ च्या आत, दोघांतला फरक ५० च्या आत. या इंजिनाचे प्लग शिशाने लवकर भरतात, विशेषतः रिच मिक्श्चरवर लांब टॅक्सी केली की. घसरण जास्त आली तर मिक्श्चर लीन करून (पेट्रोल कमी करून) इंजिन थोडा वेळ जास्त आरपीएमवर चालवा आणि पुन्हा तपासा. अजिबात घसरण नसेल तर खूश होऊ नका, ती जास्त वाईट: मॅग्नेटोची अर्थची वायर तुटली असेल आणि किल्ली बंद केल्यावरही प्रोपेलर जिवंत राहील. उष्ण दिवशी टेक-ऑफआधी फुल थ्रॉटलला मिक्श्चर कमाल आरपीएमपर्यंत लीन करायचं की नाही, हे तुमच्या हँडबुकात वाचा आणि इन्स्ट्रक्टरशी बोलून ठेवा. हा प्रश्न येतोच.

बाहेरची फेरी मारताना जुन्या विमानाकडे जुन्या घरासारखं बघा, कुठे काय शिरलंय हे शोधत. आपल्याकडे कुंभारीण माशी दोन दिवसांत पिटोट ट्यूबमध्ये (वेग मोजणाऱ्या नळीत) किंवा इंधनाच्या व्हेंटमध्ये मातीचं घर करते. काउलिंगमध्ये चिमण्या काड्या आणतात. स्टॉल वॉर्निंग डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला असतं, त्यात वीज नाही. त्याच्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची, पिपाणीसारखा आवाज आला पाहिजे. रुमाल विसरू नका, आत काय बसलंय सांगता येत नाही. इंधनाचा नमुना काढून पांढऱ्या रंगासमोर धरा. सगळंच पाणी असेल तर थर दिसत नाही, नुसतं स्वच्छ दिसतं; निळसर झाक हवीच. पावसाने भिजलेल्या जुन्या विमानात टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं. तेल ४ क्वार्टच्या खाली असेल तर उडायचं नाही, नेहमीच्या फ्लाइटला ५. पुढच्या चाकाचा शिमी डॅम्पर (थरथर शोषणारा भाग) हलवून बघा, तो झिजला की लँडिंगला पुढचं चाक थरथरतं. उपाय एकच, टेकताना नाक वर धरून ठेवा. आत बसल्यावर सीट पुढे घ्या आणि अंगाने मागे झटका द्या. पिन रेलच्या भोकात नीट बसली नसेल तर टेक-ऑफला सीट मागे सरकते आणि योक हातात घेऊनच तुम्ही मागे जाता. जुन्या सेसनांचं हे जगजाहीर दुखणं आहे.

स्पीड (नॉटमध्ये) पाठ हवेत: रोटेशन (नाक उचलायचा स्पीड) ५०, शॉर्ट फील्डला ५४, बेस्ट क्लाइंब ६७, ग्लाइड ६०, फ्लॅप्स लावून अप्रोच ५५ ते ६५. मॅन्युव्हरिंग स्पीड (ज्याच्या वर कंट्रोल जोरात वापरायचे नाहीत तो) १६७० पाउंडला १०४, पण १३५० ला ९३. ‘कमी वजनाला कमी का?’ हे विचारतात. ४५ अंशांच्या स्टीप टर्नमध्ये स्टॉलचा स्पीड ४० वरून ४८ च्या जवळ जातो, हेही. उरलेला हवेतला सराव तुम्ही १७२ वर केलाच आहे, इथे फक्त रडर जास्त लागतो आणि विमान हलकं असल्याने उन्हातल्या झोतांत उंची पटकन सुटते. टेस्टच्या फॉर्मवर चुकीची जी मर्यादा छापलीय तिच्या निम्मी सरावात धरा. आणि हो, स्कूलने आयत्या वेळी १९७५ चं १७२ दिलं तर त्याचा एअरस्पीड मैलांत असतो. ७० चा आकडा तिथे ६१ नॉट असतो.

हूडखाली (बाहेरचं झाकून फक्त यंत्रांवर उडताना) डीजी दर पंधरा मिनिटांनी कंपासशी जुळवा. लातूर १८ अंश अक्षांशावर. कंपास बघून स्टँडर्ड रेटने (सेकंदाला ३ अंश) उत्तरेकडे वळताना वळण सुमारे २५ अंश आधी सोडा, दक्षिणेकडे साधारण ११ अंश पुढे जाऊन.

फोर्स्ड लँडिंगला शेत निवडताना मराठवाड्याचं रान डोळ्यासमोर ठेवा. मेमध्ये नांगरून पडलेल्या काळ्या रानात ढेकळं टणक असतात. नांगराच्या तासांना आडवं उतरलात तर पुढचं चाक गेलं, तासांच्या दिशेने उतरा. उभा ऊस वरून गालिचा वाटतो, तिकडे जाऊ नका. सोयाबीन काढलेलं पड रान बरं. विहीर, डीपी आणि विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, पण खांबांची सावली दिसते. वाऱ्यासाठी शेततळ्यावरच्या लहरी आणि पाचट जाळल्याचा धूर. नकाशावरचा नाथसागरही (जायकवाडी धरणाचा जलाशय) मेमध्ये कागदासारखा नसतो, पाणी मागे सरकून किनारा बदललेला असतो. खूण म्हणून धरणाची भिंत धरा.

रात्रीच्या टेस्टला दोन टॉर्च, एक गळ्यात. जुन्या पॅनेलचे दिवे कधी एका बाजूचेच लागतात, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळे लावून बघा.

टेस्टच्या दिवशी रन-अपला मॅग्नेटोची घसरण १५० आली, प्लग साफ करूनही उतरली नाही, आणि एक्झामिनर शेजारी घड्याळ बघत बसलेत, असं झालं तर टॉवरला सांगून परत फिरा. इंजिन बंद करा आणि टेक लॉगमध्ये स्नॅग लिहा, आकड्यासकट.