खोबरं खाऊन पणजोबा नव्वद वर्षं जगले, मग बाबांनी का सोडायचं?

तुमच्या बाबांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलंय, दिवसभर दुकानात बैठं काम आहे, डॉक्टरांनी खाणं सांभाळायला सांगितलंय. आजी मात्र पणजोबांचा दाखला देते. कोणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी वेंगुर्ल्याची. चार वर्षांपूर्वी माझं एलडीएल १७२ निघालं. घाबरून मी पहिल्यांदा कोळंबी आणि अंडी बंद केली. तीन महिने जीव मारून राहिले, आकडा आला १६९! कारण कोळंबीत कोलेस्टेरॉल भरपूर असलं, तरी संपृक्त चरबी (तूप, लोणी, खोबऱ्यात असते ती) नावापुरतीच असते. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं, मग ते फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साचतं.

मग मी वाटप, म्हणजे कालवणात घालायचं वाटलेलं खोबरं, वजन करून बघितलं. आम्हा चौघांच्या आमटीला, तिकल्याला (माशांच्या तिखट कालवणाला) आणि सोलकढीला मिळून रोज दीड नारळ जात होता. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळजवळ ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला ती दिवसाला २२ ग्रॅमच्या आत हवी. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसतं हे खरं, पण त्याने एलडीएल वाढायचं थांबत नाही.

आजीचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवर निम्म्याहून जास्त कॅलरी नारळातून यायच्या. १९८१ साली छापून आलेल्या अभ्यासात कमी नारळ खाणाऱ्या, तिथल्याच पुकापुका बेटावरच्या लोकांपेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं, तरी हृदयविकार दोन्हीकडे क्वचितच होता. पण ती माणसं मासे, नारळ, फणसाच्या जातीचं फळ खाऊन अंगमेहनत करत होती. पणजोबांचंही तसंच असणार. बाबांच्या ताटात त्याच खोबऱ्यावर चहासोबतची खारी, फरसाण आणि वडे चढलेत. खरं तर आधी ते काढा.

आमच्याकडे आता अर्धा नारळ पुरतो. सोलकढीऐवजी बहुतेक दिवशी कोकमाचं सार, आठवड्यातून दोन-तीनदा कुळथाची पिठी, आणि बांगडा किंवा तारली रव्यात तळण्याऐवजी तिकल्यात. चार महिन्यांत मी १४८ वर आले.

त्याहून खाली मात्र गोळीनेच गेले. माझ्या वडिलांना पन्नाशीत हृदयविकाराचा झटका आला होता, म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू केलं आणि मी ते कुरकुर न करता घेते. बाबांच्या भावंडांत असं कोणाला झालं असेल, किंवा बाबा विडी ओढत असतील, बीपी-शुगर असेल, तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. गोळी दिली तर आकडा उतरला म्हणून मनाने बंद करू देऊ नका.

आणि आजीला दुखवू नका. चतुर्थीला मोदक होऊ देत. रोजच्या वाटपाचं खोबरं तेवढं तिलाच वाटीने मोजून घ्यायला सांगा.